दुखणं थांबतं, तेव्हा

पावसाळ्यात केळीच्या बागेत पाऊल चिखलात रुततं. खांद्यावर वीसेक किलोचा घड असतो, माणूस वळतो, अंग फिरतं आणि पाय तिथेच राहतो. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो. काही तासांत सूज चढते आणि पुढे पायऱ्या उतरताना गुडघा मधेच दगा देऊ लागतो. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्यासारख्या केळीच्या पट्ट्यात किंवा कबड्डीच्या मैदानावर याला लचक समजून पुष्कळदा हळद-तेलावर भागवलं जातं.

मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा, जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीचा बंध म्हणजे एसीएल. अशा वेळी पुष्कळदा तोच तुटलेला असतो. तो पुरता तुटला की सहसा आपोआप पूर्ववत जुळत नाही. तरी प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना आधी फक्त व्यायाम दिला त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना पहिल्या दोन वर्षांत ऑपरेशनची गरज पडली नाही. पण ज्याचा गुडघा वारंवार निसटतो, त्याच्यासाठी डॉक्टर मांडीमागची किंवा वाटीखालची शीर (कंडरा) काढून हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून नवा बंध ओवतात.

हे कलमच आहे, आणि कलम म्हणजे काय ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. जागा बदललेल्या शिरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात आणि या उलथापालथीत ती आधी मऊ पडते. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सर्वांत कमकुवत असते.

नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. टाके भरलेले, कुबड्या सुटलेल्या, चाल सुधारलेली. घरात कामं खोळंबलेली असतात, बाग वाट पाहत असते, आणि माणूस म्हणतो, आता बरा झालो. सगळ्यात जास्त जपायचे दिवस हेच.

ऑपरेशननंतर सुरुवातीचं काम दिसायला अगदी साधं असतं. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, मांडी आवळायची, गुडघा खाली दाबायचा, पाचपर्यंत मोजायचं आणि सोडायचं. पहिल्या दिवसांत मांडी जागची हलत नाही. स्नायू जणू हुकूमच ऐकत नाही. तरीही पाय पूर्ण सरळ होणं आधी साधावं लागतं, कारण तो जराही वाकडा राहिला तर चाल बिघडते. वाकवण्याचा व्यायामही सुरुवातीपासूनच असतो, पण उकिडवं बसण्याची घाई नको. गावाकडे इथेच अडतं. शौचाला, चुलीपाशी, पंगतीत सगळीकडे गुडघा पूर्ण दुमडावा लागतो. त्यामुळे पहिले काही महिने घरात खुर्ची आणि कमोड ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

मोठ्या खेळाडूंनाही वेळ द्यावाच लागतो. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्यावर जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. तो मैदानात उतरला मार्च २०२४ मध्ये. कुस्तीपटू विनेश फोगाटच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रियाही मुंबईतच, ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. जवळपास वर्षभराने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने जपानच्या युई सुसाकीला हरवलं. दिमतीला फिजिओ असलेल्या खेळाडूंनाही एवढा काळ लागतो, मग ज्याला प्रत्येक तपासणीसाठी रोजगार बुडवून गाडी पकडावी लागते त्याने दोन महिन्यांत घड उचलावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

ऑस्लो आणि डेलावेअर इथल्या रुग्णांच्या २०१६ सालच्या अभ्यासात तर हिशेबच मांडलेला आहे. नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने पुढे ढकललं, त्यातल्या दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटलं.

आणि नुसते महिने मोजून भागत नाही. फिजिओने परवानगी दिल्यावर, बऱ्याच महिन्यांनी, अंगणात खडूची रेघ ओढायची. आधी चांगल्या पायावर एक लांब उडी, मग ऑपरेशन झालेल्या पायावर. टेपने दोन्ही मोजायच्या. दुसरी उडी पहिलीच्या नव्वद टक्के तरी भरली पाहिजे, आणि उतरताना गुडघा आत झुकता कामा नये.