उसाच्या गावात करडई-जवस हवेच



पूर्वी आपल्या रानात करडई आणि जवस हमखास दिसायचे. पाटाला पाणी आले, ऊस वाढला, आणि घरचे तेल दुकानातून येऊ लागले. यात काय सुटले ते पाहू.

तेलातली बहुतेक स्निग्धाम्ले शरीर स्वतः तयार करते. लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मात्र त्याला करता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात, म्हणून त्यांना 'आवश्यक' म्हणतात. १९२९ साली अमेरिकेत बर दांपत्याने उंदरांना स्निग्धांशाविना आहार दिला, तेव्हा त्यांची वाढ खुंटली आणि कातडीला खवले आले.

नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलिक ७० टक्क्यांच्या वर असते. शेंगदाण्यातही ते बऱ्यापैकी असते. पण दुसरे आम्ल या दोन्हींत जवळजवळ नाहीच. ते जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास असते. उसाला नत्र कितीही टाका, स्फुरदाची उणीव भरत नाही, तसेच हे आहे.

जवसाचे तेल तळणीला घेऊ नका. जवस भाजून चटणी करा. अख्खे दाणे न पचताच निघून जातात, म्हणून कुटा. पण थोडेच, कारण कूट लवकर खवट होते. रंगाच्या दुकानातले उकळलेले जवस तेल मात्र कधीही खाऊ नये.

रब्बीला जिरायत तुकडा असेल, तर घरापुरत्या चार ओळी जवस टाकाच, असे आम्ही सुचवतो. त्याचे वजन कारखान्याच्या काट्यावर होणार नाही, पण घरच्या ताटात जरूर होईल.