ढालीवरचा पाऊस

टेबलावरच्या दिव्याखाली एक बुटका योद्धा उभा आहे. तळव्यापासून डोळ्यांपर्यंत जेमतेम २८ मिलिमीटर. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात पाच फळ्यांची गोल ढाल, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. दाढी रंगवून झाली, चिलखत झालं, आता लाकूड उरलंय. ते मी मुद्दाम शेवटी ठेवते, कारण त्यात मला मनसोक्त वेळ घालवायचा असतो.

१९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला, पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी सुरू झाली, आणि बुटके, राक्षस, चेटके यांची ही चिमुकली फौज देशोदेशीच्या टेबलांवर पसरली. त्यांच्या ढाली मात्र खऱ्या ढालींवरून आलेल्या. नॉर्वेत गोकस्टाडला १८८० साली व्हायकिंगांचं जहाज उकरून काढलं, त्याच्यासोबत ६४ ढाली होत्या. पातळ फळ्यांच्या, काळ्या आणि पिवळ्या रंगवलेल्या. माझ्या योद्ध्याची ढाल मी मनाशी त्यांतलीच एक धरली आहे. पिवळी, पण रंग उडालेली, कित्येक हिवाळे सोसलेली.

खूप दिवस माझं लाकूड खोटं दिसायचं. तपकिरी रंगाचा हात, त्यावर गडद रेघा, सरळ आणि सारख्या अंतरावर. लाकूड आहे हे कळायचं, जुनं आहे हे कळायचं नाही. उलगडा झाला तो कोकणातल्या आमच्या घराच्या मागच्या दारापाशी. दार फणसाच्या फळ्यांचं. वरचा भाग वळचणीखाली, म्हणून अजून तांबूस तपकिरी. खाली, जिथं पागोळ्यांचं पाणी उडतं, तो हातभर भाग राखेसारखा करडा आणि उंबऱ्यालगत हिरवट. कडीभोवती मात्र करडेपणाचा मागमूस नाही; इतक्या वर्षांच्या हातांच्या तेलानं लाकूड तिथं काळपट, गुळगुळीत झालंय. एका दारात चार लाकडं, आणि प्रत्येकाला आपापलं कारण.

करडेपणाला कारण ऊन. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटत जातं, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागं सेल्युलोजचे फिकट तंतू राहतात. हा बदल वरच्या पापुद्र्यापुरताच असतो. दारावर किल्लीनं ओरखडा काढून पाहिला, तर आत जुना रंग तसाच होता. तेव्हापासून लाकूड रंगवायला घेतलं की मी आधी स्वतःला विचारते: याच्यावर पहिल्यांदा काय झालं, आणि मग काय?

म्हणून ढालीवर पहिला हात करड्याचा. गडद तपकिरीत राखाडी मिसळायचा, दुधाइतका पातळ करायचा आणि दोन हात द्यायचे. प्रत्येक फळीला मिश्रण जरा बदलायचं. एका झाडाच्या फळ्याही सारख्या झिजत नाहीत. मग रेघा. ब्रश किती बारीक यापेक्षा त्याचं टोक शाबूत आहे का, हे महत्त्वाचं. रेघ ओढता ओढता मध्येच दाब सोडायचा, दोन रेघा पुढे एक होऊ द्यायच्या, गाठीशी आलं की ओढ्याचं पाणी धोंड्याला वळसा घालतं तशी रेघ वळवायची. गडद रेघेच्या खालच्या काठाला हाडाच्या रंगाची केसाएवढी रेघ दिली की उजेड भेगेच्या ओठावर पडल्यासारखा वाटतो आणि भेग खोल जाते. खऱ्या प्रमाणात काढल्या तर एवढ्याशा ढालीवर या रेघा दिसणारच नाहीत. म्हणून त्या जाड काढायच्या, पण मोजक्या. फळीला चार पुरतात.

फळीचं कापलेलं टोक सगळ्यात जास्त पाणी पितं, म्हणून ते सगळ्यात गडद. परवा तिथंच घाईत माझ्याकडून वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, जास्त झाला आणि वाळल्यावर चहाच्या कपाखाली उमटतं तसं कडं उमटलं. दोन फळ्या पुन्हा पहिल्यापासून केल्या. आता थेंब साचला की कोरड्या ब्रशनं लगेच टिपून घेते.

पिवळा रंग स्पंजच्या तुकड्यानं टिपटिपून दिला, तोही भेगांत आणि मधल्या लोखंडी वाटीच्या कडेनं, जिथं घासणं पोचत नाही. मग गंज. इथं मी बराच वेळ थांबले. योद्धा ढाल तिरकी धरून उभा आहे, म्हणून ओघळ त्याच्या पायांकडे काढावेत असं वाटतं. पण लोखंड गंजलं ते ढाल वर्षानुवर्षं घराबाहेरच्या भिंतीला टांगलेली असताना. तेव्हा तिची खालची बाजू वेगळी होती. ओघळ मी त्या दिशेनं काढले, आणि हिरवट छटाही त्याच काठाला दिली.

कुऱ्हाडीचा दांडा दोन टोकांना करडा, मुठीजवळ तपकिरी. सगळ्यावर मॅट वॉर्निश झालं, मुठीजवळ तेवढी किंचित चमक राखली.

शेवटी ढालीच्या वरच्या काठाला एक घाव. जुने घाव आतूनही करडे झालेत. हा आज सकाळचा. त्याला ताज्या लाकडाचा उबदार, फिकट पिवळा रंग भरला, आणि त्याच्या कडेला वर आलेली एक बारीकशी कपची.