रद्दींतून वही



परीक्षा संपल्या कीं घरोघर कागदांचा एक ढीग जमतो. मुलांच्या अर्धवट कोऱ्या वह्या, एका बाजूस छापलेलीं पत्रकें, जुनीं पाकिटें, वर्तमानपत्रें. हा सर्व ढीग रद्दीवाल्याच्या तराजूंत जातो, आणि जून उजाडतांच त्याच घरांत नव्या वह्या विकत येतात. ह्या ढिगांतून घरच्या घरीं वही कशी बांधतां येते, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम ढिगाचे तीन भाग करावे. पहिला, एका बाजूनें कोऱ्या कागदांचा. दुसरा, दोन्ही बाजूंनीं भरलेल्या कागदांचा. तिसरा, वगळण्याचा, ह्यांत मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर दिलेले कागद आणि दुकानांतील यंत्रांतून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या येतात. त्या पावत्यांवरील अक्षरें शाईनें नव्हे, उष्णतेनें उमटतात, व त्यासाठीं लावलेलीं रसायनें आपल्या हातांस आणि पाण्यास लागूं देणें बरें नव्हे.

पहिल्या भागाचा लगदा मुळींच करूं नये, असा माझा आग्रह आहे. त्याचें कारण असें. कागद म्हणजे वनस्पतींच्या सूक्ष्म तंतूंचें जाळें. पाण्यांत सुटे झालेले तंतु वाळतांना एकमेकांस घट्ट बिलगतात. त्यांना जोडण्यास डिंक लागत नाहीं. म्हणूनच जुना कागद भिजवून कुटला तर त्याचा नवा कागद होतो. परंतु प्रत्येक वेळीं तंतु तुटून आंखूड होतात, आणि असे पांच-सात फेरे झाले कीं त्यांत पकड उरत नाहीं. जो कागद जसाच्या तसा उपयोगी पडतो, त्याचें आयुष्य व्यर्थ कां खर्चावें?

अशा कागदांची घडी लिहिलेली बाजू आंत ठेवून घालावी. घडीची कड बाहेर, म्हणजे पान उलटण्याच्या बाजूस, आणि सुट्या कडा पाठीकडे ठेवाव्या. मग पाठीलगत दाभणानें चार भोकें पाडून शिवावें. चीन व जपान येथील जुने ग्रंथ ह्याच रीतीनें बांधीत. तेथें पातळ कागद एकाच बाजूस छापीत, आणि कोरी बाजू घडींत लपून जाई.

आतां दुसरा भाग. वर्तमानपत्राचा कागद लाकडापासून होतो, व त्यांतील लिग्निन नांवाच्या द्रव्यामुळें तो उजेडांत लवकर पिवळा पडतो. म्हणून तो थोडा आणि वहीचा कागद अधिक घ्यावा. बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवावे, सकाळीं उखळांत किंवा मिक्सरमध्यें भरपूर पाणी घालून त्यांचा मऊ लगदा करावा. हा लगदा पसरट टबांत ताकासारखा पातळ करावा. लांकडी चौकटीवर मच्छरांची जाळी ताणून ठोकावी. ही चौकट टबांत तिरपी बुडवून आडवी उचलावी, आणि पाणी गळत असतांच दोन्ही दिशांनीं हलकेच हालवावी, म्हणजे तंतु एकमेकांत गुंततात. नंतर ओल्या सुती फडक्यावर चौकट पालथी घालून ताव उतरवावा. फडकें, ताव, फडकें असा थर रचून वर फळी व जड दगड ठेवावे. पाणी निघालें कीं ताव फडक्यासह सावलींत वाळवावे.

असा ताव शाई फुटवितो. त्यासाठीं पातळ खळ दोन्ही बाजूंस लावून वाळवावी, आणि गुळगुळीत दगडानें ताव घोटावा. जुन्नर आणि दौलताबादेजवळील कागजीपुरा हीं आपल्याकडील हातकागदाचीं प्रसिद्ध ठिकाणें. तेथेंही लगदा, खळ आणि घोटाई हाच क्रम असे. छापील कागदाची शाई काढून पुन्हां कागद करण्याची रीत १७७४ मध्यें जर्मनींतील युस्टुस क्लाप्रोट ह्या कायदेपंडितानें प्रसिद्ध केली. आपल्याकडे १९३४ मध्यें स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें हातकागदाचा धंदा उचलून धरला, आणि १९४० मध्यें पुण्यास हातकागद संस्था निघाली.

ह्या तावांची बांधणी जुजबंदीनें करावी. चार ताव एकांत एक दुमडले कीं सोळा पृष्ठांचा एक जुज होतो. एकाच जुजाची वही करावयाची असल्यास घडीवर तीन भोकें पाडावीं. मेण लावलेला दोरा आंतून मधल्या भोकांतून बाहेर काढावा, वरच्या भोकांतून आंत घ्यावा, तेथून खालच्या भोकांतून बाहेर न्यावा, आणि मधल्या भोकांतून परत आंत आणावा. दोन्ही टोकें लांब टाक्याच्या दोन बाजूंस धरून गांठ मारावी. वर मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा खळीनें चिकटवावा. बांधणावळीचे कारागीर कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालतात. तें विषारी असल्यानें घरीं, विशेषतः मुलांच्या हातीं, देऊं नये. खळ थोडी व ताजी करावी, हें उत्तम.

ही वही बाजारच्या वहीपेक्षां स्वस्त पडेल, असें मी म्हणत नाहीं. दहा-बारा तावांत एक सकाळ जाते. परंतु आपल्या घरांतील आजीस जात्यावरच्या ओव्या येतात, लोणच्याचें प्रमाण तिच्या तोंडीं असतें, कोणत्या विहिरीस कोणत्या दुष्काळांत पाणी राहिलें हें आजोबांस आठवतें. हें कोणी छापणार नाहीं, आणि तीं माणसें गेलीं कीं विचारावें कोणास? येत्या सुट्टींत मुलांनीं आपल्या हातानें एक वही बांधावी, आणि तिचें पहिलें पान घरांतल्या सर्वांत वडील माणसापुढें बसून भरावें. कागद आणण्यास बाजारांत जावयास नको; तो कोपऱ्यांतल्या ढिगांत पडलेलाच आहे.