उतारवयात लागलेली चहाची गोडी

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या वस्त्यांत असे आजी-आजोबा भेटतात, ज्यांची सकाळ उभी हयात पेजेवर गेली आणि साठीनंतर चहा आवडू लागला. सुनेने कप हातात दिला, नाक्यावर चार माणसे भेटू लागली, की गोडी लागते. लागू द्या. चहा काही विष नाही.

फक्त वेळ सांभाळा. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला, तर त्यातले टॅनिन माठ, नाचणी, कडधान्यांतले लोह आतड्यातच अडवते. रक्तात ते कमी उतरते. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर हवे. रक्त कमी असलेल्या बायांनी हे जास्त जपावे. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

साखरेचा हिशेब निराळा. कपाला दोन चमचे, असे चार कप म्हणजे आठ चमचे, सुमारे ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. बिस्किटे आणखी वेगळी!

रात्री झोप येत नसेल, तर दुपारनंतर परसातल्या गवती चहाची पात आल्याबरोबर उकळा, चहा पावडर न घालता. नाव चहाचे, पण त्यात कॅफीन नसते.