आतड्यातली कात्री आणि बर्फातला धंदा

तीस वर्षे मी कापडाच्या तिजारतीत आहे. थान हातात घेतले की सुताचा दर्जा सांगतो. पण मागच्या उन्हाळ्यात भाच्याने अमरावतीच्या दुकानात गादीवर थर्मोकोलचा डबा आणून ठेवला, त्यातला माल काही मला ओळखता आला नाही. बर्फाच्या पिशव्यांमध्ये बोटाच्या पेराएवढी एक कुपी. म्हणाला, "मामू, यात कात्री आहे."

भाचा बायोटेक्नॉलॉजी शिकलेला. प्रयोगशाळांना असा माल पुरवायची एजन्सी घ्यायची म्हणून भांडवल मागायला आला होता. पैसे देण्याआधी माल समजून घ्यावा, म्हणून मी त्याला बसवून सगळे विचारले.

मालाचे नाव एन्टेरोकायनेज. हे एक एन्झाइम. गिरणीत कोऱ्या कापडाची कांजी उतरवायला वापरतात ते वेगळे, पण बिरादरी तीच. माणसाच्या लहान आतड्याच्या सुरुवातीला, अस्तरावर, ते असते. स्वादुपिंडातले ट्रिप्सिन कुलूपबंद येते. एन्टेरोकायनेज ते कुलूप उघडते आणि मग मांस, डाळ, अंडे यांतले प्रथिन पचू लागते. रशियात पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचा शोध लागला. क्वचित एखादे मूल हे एन्झाइम नसतानाच जन्मते. त्याला जुलाब होतात, खाल्लेले अंगी लागत नाही.

प्रयोगशाळेला त्याचे काय काम? प्रथिन म्हणजे तसबीहसारखी दाण्यांची माळ. शास्त्रज्ञ जीवाणूकडून हवे ते प्रथिन बनवून घेतात, पण ते इतर असंख्य प्रथिनांत मिसळलेले असते. म्हणून त्याला आधीच एक शेपटी जोडतात, आपण थानाला चिठ्ठी लावतो तशी. चिठ्ठी धरून माल बाहेर काढायचा, मग चिठ्ठी कापून टाकायची. एन्टेरोकायनेज ॲस्पार्टिक आम्लाचे चार दाणे आणि पाठोपाठ लायसिनचा पाचवा, अशी खूण शोधते व पाचव्या दाण्यानंतर कापते. चिठ्ठी आणि थान यांच्यामध्ये ही खूण घातली की मूळ मालावर एक धागाही जास्तीचा राहत नाही. कधीमधी चुकीच्या जागीही कापते, हे भाच्याने लपवले नाही.

पूर्वी हे वासरांच्या आतड्यातून काढत. त्यात ट्रिप्सिनचा अंश राहिला, तर तो थानाच्याच चिंध्या करी. १९९५ साली माणसाच्या या एन्झाइमचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. आता तो मजकूर जीवाणूला किंवा खमिरासारख्या यीस्टला देतात आणि तेच टाकीत माल तयार करतात. माणसाचे आतडे कोणी कापत नाही. शेजारच्या दुकानदाराने मला हेच आधी विचारले होते. ही पद्धत आपल्याकडेही नवी नाही. वोखार्ट कंपनीने यीस्टकडून बनवलेले मानवी इन्सुलिन २००३ साली बाजारात आणले, ते तेव्हाच्या औरंगाबादेतून.

आता धंद्याची बाजू, जी भाच्याला कमी समजली होती. हा माल वजनावर नाही, युनिटवर विकतात. आणि एका कंपनीचे युनिट म्हणजे दुसरीचे युनिट नव्हे. किती प्रथिन, किती तासांत, किती तापमानाला कापले यावर ते ठरते. गज आणि मीटर यांचा भाव एका ओळीत लिहिला तर जो घोटाळा होईल, तोच इथे होतो. दर विचारण्याआधी युनिटची व्याख्या विचारावी.

दुसरे, साठवण उणे वीस अंशांवर. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो! भाच्याचे पहिले पार्सल शनिवारी मुंबईहून निघाले, रविवारभर कुरियरच्या गोदामात पडून राहिले. अकोल्याच्या प्रयोगशाळेने नमुना तपासला, कात्री बोथट. नुकसान भाच्याच्या अंगावर, कारण पावतीवर थंड मालाची नोंदच नव्हती.

तिसरे, एक गृहस्थ पोटाचे औषध समजून कुपी मागू लागले. तिच्यावर स्पष्ट लिहिले असते, केवळ संशोधनासाठी. ती कोणाला पोटात घ्यायला विकणे म्हणजे गुन्ह्याला हात लावणे. भाच्याने नकार दिला, हे मला आवडले.

मी निम्मे भांडवल दिले. उरलेले कॉलेजची पहिली बिले वसूल झाल्यावर. सरकारी पैसा मार्चअखेर येतो, हे त्याला अजून शिकायचे आहे. माल आता सोमवारीच निघतो, आणि त्याच्यासाठी दुकानाच्या मागच्या खोलीत एक डीप फ्रीझर व इन्व्हर्टर बसवला आहे.