अर्पणाचा जमाखर्च

हिंगोलीहून उत्तरेस निघून पैनगंगा ओलांडली की वाशीमचा मुलूख लागतो. आणि आज एकाच महाराष्ट्रात नांदणारे हे दोन शेजारी शंभर वर्षे दोन राजवटींत विभागले गेले होते, ते एका थकलेल्या खर्चापायी. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी. त्या फौजेचा पगार निजामाच्या खजिन्यातून वेळच्या वेळी निघेना, बाकी चढत गेली, आणि अखेर १८५३ साली त्या बाकीच्या व पुढील खर्चाच्या तरतुदीसाठी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. त्याबरोबर वाशीम तिकडे गेले. हिंगोली निजामाकडेच राहिली. खजिन्यातून प्रथम काय भागवावे या प्रश्नाचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, याची साक्ष या सरहद्दीने दिली आहे.

त्याच सरहद्दीलगत, वाशीममध्ये, १९३८ साली चर्च ऑफ द नाझरीन या ख्रिस्ती पंथाने रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उघडले. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी त्याचा पाया घातला आणि आयुष्याची उमेदीची वर्षे तेथेच वेचली. ज्या पंथाने हे केले तो १९०८ साली टेक्सासमधील पायलट पॉइंट या गावी संघटित झालेला, वयाने तरुण आणि संपत्तीने बेताचा. त्याच्या पदरी इनाम जमिनी नव्हत्या की राजाश्रय नव्हता, होते ते सभासदांचे दशांश आणि अर्पण. अशा पंथाने दूरदेशीचे रुग्णालय, स्वदेशातील महाविद्यालय, खेड्यातील पाळक आणि छापखाना या सर्वांची निकड एकाच थैलीतून कशी भागवावी, हा प्रश्न वाटतो त्याहून कठीण आहे.

आरंभी या पंथाने तो सोडवलाच नव्हता. परदेशी सुवार्ताकार्याचे एक मंडळ, नव्या मंडळ्या, म्हणजे गावोगावचे उपासक समुदाय, स्थापण्याचे दुसरे, प्रकाशनाचे तिसरे, अशी निरनिराळी मंडळे असत, आणि प्रत्येक मंडळ आपापली झोळी घेऊन त्याच मंडळ्यांच्या दारी जाई. ज्याची वाणी अधिक हृदयस्पर्शी त्याची झोळी भरे. ज्याचे काम मुकाट्याने चाले, त्याची रिती राही. १९२३ साली महासभेने या मंडळांना एका सर्वसाधारण मंडळाखाली आणले आणि एक सामायिक अंदाजपत्रक सुरू केले. त्यात तत्त्वाचा मोठा पालट होता. पूर्वी दाता क्रम ठरवी. आता दात्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी एकत्र बसून, सर्व खात्यांच्या मागण्या समोर ठेवून, क्रम ठरवू लागले. आजही हीच रचना आहे. स्थानिक मंडळीच्या वार्षिक सभेत खजिनदार हिशेब मांडतो, त्यावर जिल्हासभा, तिच्यावर चार वर्षांनी भरणारी महासभा, आणि दरवर्षी अंदाजपत्रकास मंजुरी देणारे सर्वसाधारण मंडळ. अमेरिका व कॅनडातील मंडळ्यांनी आपल्या उत्पन्नाचे साडेपाच टक्के ‘जागतिक सुवार्ता निधी’ या सामायिक निधीत भरावेत असा अलीकडचा दंडक आहे. उत्पन्न अधिक तर वाटा अधिक. गरीब मंडळीवर ठराविक रकमेचा बोजा पडत नाही, हे मला या पद्धतीचे खरे सौजन्य वाटते.

तथापि सामायिक निधीने सर्व भागत नाही, आणि येथे या हिशेबाचा सर्वांत बोधक भाग येतो. १९४९ पासून या पंथात ‘अलाबास्त्र अर्पण’ चालते. कुटुंबागणिक एक लहानशी कागदी पेटी दिली जाते. घरातले थोरमोठे, मुलेबाळे तीत नाणी टाकतात आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व सप्टेंबरात, त्या पेट्या उपासनेत आणून रित्या केल्या जातात. तो पैसा केवळ जमीन आणि इमारती यांसाठी राखून ठेवलेला असतो. नाव आले ते शुभवर्तमानातील त्या स्त्रीवरून, जिने बेथानीस अलाबास्त्र कुपी फोडून मोलाचे सुगंधी तेल येशूच्या मस्तकावर ओतले. ते पाहून उपस्थितांपैकी काहींनी तक्रार केली, की हे तेल तीनशेहून अधिक दिनारांना विकून पैसा गोरगरिबांना देता आला असता. निधीचा क्रम लावण्यावरचा हा वाद दोन हजार वर्षांचा आहे, आणि त्यात येशूने त्या स्त्रीची बाजू घेतली.

अशा राखीव अर्पणाने भिंती उभ्या राहतात यात शंका नाही. परंतु भिंतींच्या आत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचा पगार, रोज लागणारा कापूस आणि औषधे, विजेचे देयक, यांसाठी कोणी पेटी भरत नाही. इमारतीवर नावाची शिला बसवता येते, देयकावर बसवता येत नाही. म्हणून मानवी स्वभावाने जे मागे सारले ते पुढे आणण्याचे काम सामायिक निधीस करावे लागते, आणि जेव्हा तो आटतो तेव्हा सर्वांत आधी हाच मूक खर्च थकतो.

भारतातील संस्थांपुढे आणखी एक अडसर आहे. परदेशी अंशदानाच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, एका नोंदणीकृत संस्थेस तो दुसरीस देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासावरून वीस टक्क्यांवर आली आहे. एका मध्यवर्ती संस्थेने परदेशी रक्कम स्वीकारून ती गरजेप्रमाणे शाळा, रुग्णालय व वसतिगृह चालवणाऱ्या स्वतंत्र संस्थांत वाटावी, ही मिशनांची जुनी रीत त्यामुळे बंद पडली. क्रम लावण्याचा अधिकार कागदावर पंथाकडे असला, तरी वाट कायद्याने आखून दिली आहे.

अशा स्थितीत भार येऊन पडतो तो इथल्याच मंडळ्यांवर. मराठवाड्यातील वा वऱ्हाडातील खेडेगावच्या मंडळीत शेतमजुरी करणाऱ्यांची घरे पुष्कळ. त्यांचे अर्पण पीकपाण्यावर अवलंबून, आणि सोयाबीन पावसात सापडले की अर्पणाच्या थाळीतही ओढाताण होते. तरी त्या थाळीतल्या पैशावर कोणाचा राखीव शिक्का नसतो, आणि माझ्या मते तीच त्याची सर्वांत मोठी किंमत आहे. म्हणून इमारतीचा प्रस्ताव आला की तिच्या निदान दहा वर्षांच्या चालू खर्चाची तजवीज कोणत्या खात्यातून होणार, हे त्याच ठरावात लिहिले जावे; आणि वार्षिक सभेत पाळकाच्या मानधनाचा, परिचारिकेच्या पगाराचा व औषधांचा आकडा बांधकामाच्या आकड्याआधी वाचला जावा.