तापविलेल्या लांकडाचा रंग

फिनलंड देशांत पाइन, स्प्रूस आणि भूर्ज हे वृक्ष विपुल आहेत. त्यांचें लांकूड नुकतेंच चिरलेलें असतां सायीप्रमाणें फिकट दिसतें. असें असूनही तेथील कित्येक घरांच्या बाह्य भिंतींवरील फळ्या आणि बाष्पस्नानाच्या खोल्यांतील बांकें गर्द तपकिरी आढळतात. पाहणारास वाटावें कीं, येथें सागवान अथवा अक्रोडच वापरला आहे. फळी करवतून पाहिली तरी आंतला रंग तोच. रोगण नाहीं, वार्निश नाहीं, कीं कसला लेप नाहीं. हा रंग लांकडाच्या अंगांतच उत्पन्न झालेला असतो, आणि त्याचें कारण केवळ उष्णता.

येथें जळण्याची कल्पना मात्र मनांतून काढून टाकली पाहिजे. चुलींतील लांकूड काळें पडतें तें कोळसा झाल्यामुळें. प्रस्तुत रंगपालट त्याच्या बराच अलीकडचा आहे. गृहिणी बासुंदीसाठीं दूध आटविते तेव्हां शुभ्र दुधास हळूहळू बदामी छटा येते. भाजणी खरपूस होतांना तिचा रंग व वास दोन्ही पालटतात. लांकडांतही शर्करेच्या जातीचीं द्रव्यें असतात, व त्यांचें वर्तन स्वयंपाकघरांतील या अनुभवापासून फार दूर नाहीं.

लांकूड मुख्यतः तीन द्रव्यांचें बनलेलें असतें. पहिलें सेल्युलोज, तें जवळजवळ निम्मा भाग व्यापतें, आणि त्याचे लांब तंतू लांकडास ताण सोसण्याची शक्ति देतात. दुसरें हेमिसेल्युलोज, म्हणजे निरनिराळ्या शर्करांच्या आंखूड सांखळ्या. तिसरें लिग्निन, तें या सर्वांस घट्ट सांधून ठेवतें. तापविलें असतां या तिघांत प्रथम हार खातें तें हेमिसेल्युलोज. त्याच्या सांखळ्यांस चिकटलेले कांहीं अणुगट सुमारें १६० अंश सेंटिग्रेडच्या पुढें वेगानें सुटूं लागतात व त्यांपासून अॅसेटिक अॅसिड, म्हणजे शिरक्यांतील आंबट द्रव्य, तयार होतें. हें आम्ल स्वस्थ बसत नाहीं. तें उरलेल्या सांखळ्या तोडूं लागतें, त्यांतून आणखी आम्ल सुटतें, आणि लांकूड आपल्याच हातांनीं आपला ऱ्हास पुढें ढकलीत राहतें. तुटलेल्या शर्करांपासून फरफुरालसारखीं द्रव्यें होतात. लिग्निनमध्येंही फेरबदल होऊन क्विनोन जातीचे घटक निर्माण होतात. अशा नव्या द्रव्यांपैकीं कित्येक प्रकाशांतील जांभळा व निळा भाग शोषून घेतात. उरलेला पिंवळसर-तांबडा प्रकाश तेवढा डोळ्यांपर्यंत पोहोंचतो; त्यालाच तपकिरी रंग म्हणावयाचें.

ही गोष्ट शास्त्रज्ञांस नवीन नव्हती. अमेरिकेंतील मॅडिसन येथील वनोत्पादन-प्रयोगशाळेंत आल्फ्रेड स्टॅम व त्यांचे सहकारी यांनीं वितळलेल्या धातूखालीं लांकूड तापवून पाहिलें आणि १९४६ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तसें लांकूड कमी फुगे, परंतु ठिसूळ होई. पुढें १९९० नंतरच्या दशकांत फिनलंडच्या व्ही. टी. टी. या संशोधनसंस्थेनें वाफेची रीत सिद्ध केली, आणि ‘थर्मोवुड’ या नांवानें असा माल बाजारांत आला.

या रींतींत फळ्या प्रथम भट्टींत पुरत्या सुकवितात. नंतर उष्णता चढवीत नेऊन १८५ ते २१२ अंशांच्या दरम्यान, लांकडाची जात व काम पाहून, दोन-तीन तास राखतात. भट्टींत वाफ भरलेली असल्यामुळें प्राणवायूस फारसा वाव राहत नाहीं, म्हणून फळ्या पेट घेत नाहींत. शेवटीं पाण्याचे तुषार सोडून त्या थंड करावयाच्या. कारण एवढें तापलेलें लांकूड एकदम उघड्या हवेंत काढणें म्हणजे आगीस आमंत्रणच. पाइनपेक्षां भूर्जासारख्या रुंद पानांच्या झाडांच्या हेमिसेल्युलोजांतून आम्ल अधिक सुटतें, यास्तव त्यांना ऊन कमी देतात.

आतां गिऱ्हाइकाच्या हिताचा प्रश्न. गर्द रंगाला घरोघरीं मान आहे. काळसर लांकूड तें जुनें, पक्कें व टणक अशी समजूत रूढ आहे. तापविलेल्या लांकडाच्या बाबतींत ती फसवी ठरते. ज्या क्रियेनें रंग चढतो तीच क्रिया बळ हरण करते. वरच्या तापमानास वांकण सोसण्याची शक्ति शेंकडा ३० पर्यंत घटूं शकते. म्हणून तुळई, वासे अथवा माळ्याचा भार घेणारे खांब यांसाठीं हें लांकूड वापरूं नये. शिवाय मंद आंचेवर पुष्कळ वेळ अथवा कडक आंचेवर थोडा वेळ, अशा दोन्ही मार्गांनीं सारखीच छटा आणतां येते. तेव्हां नुसत्या रंगावरून मालाची पारख होत नाहीं. विक्रेत्यास तापमान विचारणें हाच शहाणपणाचा मार्ग.

लाभही खरा आहे. पाणी धरणारीं ठिकाणें हेमिसेल्युलोजबरोबर नष्ट झाल्यानें हें लांकूड हवेंतील ओलावा जवळजवळ निम्माच घेतें. पावसाळ्यांत दारें फुगून चौकटींत अडकतात हा अनुभव ज्यांनीं कोंकणांत घेतला आहे, त्यांस याचें मोल सांगावयास नको. बुरशीचें अन्नही कमी होतें. वाळवीची गोष्ट मात्र निराळी. तिला हें खाद्य वर्ज्य नाहीं, आणि मातींत रोंवण्यास तर तें मुळींच योग्य नव्हे.

रंग अढळ असतो असेंही नव्हे. उन्हांतील अतिनील किरण पृष्ठभागावरील लिग्निन फोडतात, पाऊस तें धुऊन नेतो, आणि उघड्यावरची तपकिरी फळी कालांतरानें राखाडी होते. स्वच्छ तेल लावून हें थांबत नाहीं. तेलांत रंगद्रव्य असावें लागतें. घरांत, उन्हापासून दूर, तोच रंग पुष्कळ अधिक टिकतो.

सुतारास या लांकडाचा परिचय पहिल्याप्रथम वासानें होतो. करवत चालवितांच धुरकट, जळक्या साखरेसारखा दर्प येतो व भुसा बारीक धुळीसारखा उडतो. खिळा सरळ ठोकला तर फळीचें टोंक चिरतें, म्हणून आधीं भोंक पाडावें. खिळेही गंज न चढणाऱ्या पोलादाचे घ्यावेत, कारण मागें राहिलेलें आम्ल साध्या लोखंडास लवकर गंजवितें व फळीवर काळे ओघळ उमटतात.